हनन्याची दोन वर्षे, यिर्मयाची सत्तर : सोलापुरातल्या पाळकांना आणि पंचांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि परिसरातील ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, पंच आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्या भगिनी यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

आम्ही संडे स्कूलमध्ये शिकवणारी आणि वस्त्यांमधल्या घरगुती प्रार्थना चालवणारी माणसे आहोत. ३१ डिसेंबरच्या रात्री वर्षअखेरीची उपासना संपली की आपल्या अनेक मंडळ्यांत एक डबा फिरतो. रंगीत कागदाच्या बारीक गुंडाळ्या, त्यातली एक उचलायची, देवाने या वर्षासाठी आपल्याला कोणते वचन दिले ते बघायचे. ती चिठ्ठी मग वर्षभर मोबाईलच्या कव्हरमागे नाहीतर तिजोरीच्या आरशावर राहते. ही प्रथा बंद करा असे आम्ही म्हणत नाही. पण त्या डब्यात काय असते आणि काय नसते, हे आपण सगळ्यांनी एकदा बसून बघायला हवे. आपली मंडळी संकटात कशाच्या आधारावर उभी राहणार, हे बऱ्याच अंशी त्या डब्यातच ठरते आहे.

सगळ्यात जास्त निघणारे वचन यिर्मया २९:११. यरुशलेमेहून बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेल्या पत्रातले ते आहे. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचेच विचार आहेत, मी तुम्हांला चांगला शेवट आणि आशा देणार आहे, असे परमेश्वर म्हणतो. भिंतीवरच्या कॅलेंडरांवर, लग्नपत्रिकांवर, रिक्षांच्या मागच्या काचेवरसुद्धा ते दिसते. त्याच्या बरोबर वरची ओळ मात्र कोणत्याच चिठ्ठीवर नसते. दहावे वचन सांगते की बाबेलात सत्तर वर्षे भरल्यावर मी तुमचा समाचार घेईन. म्हणजे ज्यांच्या नावाने हे पत्र गेले, त्यातल्या बहुतेक मोठ्या माणसांनी ते हिताचे दिवस डोळ्यांनी पाहिले नाहीत.

आणि त्याच्या आधीचा अठ्ठाविसावा अध्याय तर आपल्या व्यासपीठांवर जवळपास वाचलाच जात नाही. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात याजकांसमोर उभा राहतो आणि म्हणतो, दोन वर्षांत सगळे परत येईल: बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने नेलेली मंदिराची पात्रे, राजा, कैदी, सगळे. लोकांना हेच ऐकायचे होते. यिर्मयाने त्याला काय उत्तर दिले ते पाहा: आमेन, परमेश्वर असेच करो. त्यालाही दोन वर्षेच हवी होती. पण देवाने त्याला ते सांगितले नव्हते, म्हणून तो ते बोलू शकला नाही. बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जू हनन्याने काढून मोडून टाकले. ते मोडताना लोकांना किती हायसे वाटले असेल! आणि त्या शब्दावर विसंबून ज्यांनी दोन वर्षांचाच हिशेब केला असेल, त्यांचे तिसऱ्या वर्षी काय झाले असेल?

आमची विनंती एवढीच आहे: लोकांना खातरी द्या, भरभरून द्या, पण हनन्याची देऊ नका.

हे आत्ता लिहिण्याचे कारण तुम्हांला माहीत आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये एक पाळी बंद झाली की घरात पुढच्या आठवड्याचा पगार नाही. हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बाईचा माल छाटात गेला, म्हणजे नापास ठरला, की त्या दिवसाचा हिशेब मोडतो. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने जिल्ह्यातल्या गावांत उभी पिके आणि घरातले धान्य नेले. शिकलेली पोरे पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठतात आणि मागे म्हातारे आईबाप राहतात. अशा घरात जाऊन ‘या वर्षी तुझी बढती, या वर्षी तुझी सुटका’ असे सांगणे फार सोपे आहे. सांगणारा पुढच्या घरी जातो. ऐकणारी बाई मात्र जूनपर्यंत वाट पाहते आणि मग स्वतःच्याच विश्वासात खोट शोधू लागते. मंडळीतून गळालेल्या कितीतरी घरांच्या मागे हेच आहे. देवाने मोडलेले वचन म्हणून ते ज्याकडे बघतात, ते देवाने दिलेलेच नव्हते.

सैतानानेही वचनच वापरले होते, हे विसरू नये. मत्तय ४ मध्ये मंदिराच्या शिखरावर त्याने उच्चारलेली ओळ स्तोत्र ९१ मधली आहे, आणि ओळ खरी आहे. प्रभूने ती खोटी ठरवली नाही, तिच्या शेजारी दुसरे वचन ठेवले. चिठ्ठ्यांच्या डब्यालाही हाच उपाय लागू पडतो. प्रत्येक चिठ्ठीवर वचनाखाली पूर्ण अध्यायाचा आकडा ठळक लिहावा आणि १ जानेवारीला घरात सगळ्यांनी मिळून तो अध्याय सुरुवातीपासून वाचावा, असे पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून सांगावे. डब्यात हबक्कूक ३:१७-१८ घालावे, जिथे अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरे नाहीत, आणि तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन असे म्हटले आहे. फिलिप्पैकरांस ४:१३ ठेवायचे तर ११ आणि १२ ही वचने जोडूनच ठेवावीत. पौल तिथे उपाशी राहायला आणि पोटभर खायला, दोन्ही शिकलो असे म्हणतो, आणि तेही तुरुंगातून. परीक्षेत पहिला नंबर येण्यासाठी ते वचन लिहिलेले नाही.

आता यिर्मयाची खातरी कशी दिसते, ते. आमच्या मते पूर्ण पवित्र शास्त्रात याहून नेमके चित्र नाही, म्हणून थोडे थांबून लिहितो. बत्तिसावा अध्याय. यरुशलेमेला वेढा पडलेला आहे, मोर्चे तटापर्यंत आलेले आहेत, संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हानामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथ इथले माझे शेत विकत घे. म्हणजे जी जमीन शत्रूच्या ताब्यात चाललेली आहे, तिचा सौदा! यिर्मया सतरा शेकेल रुपे तराजूत तोलून देतो. खरेदीखत लिहितो, त्यावर शिक्का मारतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील.

आणि हे सगळे करून झाल्यावर तो प्रार्थनेला बसतो आणि देवाला विचारतो: शहर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती चालले आहे, आणि तू मला शेत विकत घे म्हणालास? शंका आहे, ती तो लपवत नाही. पण रुपे आधीच तोलून झालेले आहे. देवाने सांगितलेले काम आधी आणि ‘असे का’ हे नंतर, तेही देवालाच तोंडावर. लोकांना हे शिकवले पाहिजे. ज्याच्या मनात प्रश्न येतो त्याचा विश्वास कच्चा, ही समजूत आपल्याकडे फार खोल गेलेली आहे आणि ती आपणच घातलेली आहे.

प्रश्न देवाच्या तोंडावर विचारायची भाषा आपल्याकडे आहे, फक्त ती उपासनेत येत नाही. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. वर्षभराच्या उपासनांमध्ये आपण वाचतो त्यातली किती असतात, हे आपापल्या नोंदवहीत बघावे. तेविसावे, शेहेचाळिसावे, एकशे एकविसावे, एकशे तिसरे, हीच फिरून फिरून येतात.

सुरुवात स्तोत्र १३ पासून करावी. सहाच वचने आहेत, आठवड्याला एक म्हटले तर दीड महिन्यात पाठ होते. पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर’ हा प्रश्न चार वेळा आहे, तिसऱ्या-चौथ्यात मागणे आहे, पाचव्या-सहाव्यात भरवसा. क्रम असाच शिकवावा: आधी हाक, मग गाऱ्हाणे, मग मागणे, मग भरवसा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. प्रार्थना चालवणारा माणूस गाऱ्हाण्यावर थांबतच नाही, ‘पण तरी देवा तुझे आभार’ म्हणून थेट शेवटी उडी मारतो. रडणारी बाई मग डोळे पुसून गप्प बसते आणि पुढच्या वेळी येत नाही. गाऱ्हाणे पूर्ण होऊ द्यावे. मोठ्याने वाचून झाल्यावर दोन मिनिटे शांत राहावे, घड्याळ लावून. दोन मिनिटे वाटतात त्यापेक्षा लांब असतात आणि पेटीवाला मध्येच सूर धरतो, त्याला आधी सांगून ठेवावे. मग प्रत्येकाने एक वाक्य बोलावे, आपल्या भाषेत. तेलुगू बोलणाऱ्या भगिनींना तेलुगूत, कन्नड बोलणाऱ्यांना कन्नडमध्ये. गाऱ्हाणे मनुष्य मातृभाषेतच करतो.

काही महिन्यांनी स्तोत्र ८८ घ्यावे. ते काळोखावर संपते, शेवटी भरवशाचे वचन नाही. वाचणाऱ्याने आपल्या पदरचे वचन जोडून ते गोड करू नये. ज्याच्या घरात अजून काळोख आहे त्याला तेवढे तरी कळू द्या की हीसुद्धा पवित्र शास्त्रातली प्रार्थना आहे. प्रभूने वधस्तंभावर जे उच्चारले ते स्तोत्र २२ चे पहिले वचन आहे, आणि तेही प्रश्नच आहे.

साक्षीच्या वेळेविषयी थोडे. आपल्याकडे साक्ष तोच देतो ज्याचे काम झाले: नोकरी लागली, गाठ विरघळली, मुलीचे लग्न ठरले. ते आनंदाने ऐकावेच. पण महिन्यातून एका रविवारी, ज्यांचे अजून झालेले नाही त्यांनाही उभे राहू द्या. तीन मिनिटे, त्यांची तयारी असेल तरच, पाळकांनी आदल्या आठवड्यात घरी जाऊन विचारूनच. बोलून झाल्यावर कोणीही सल्ला द्यायचा नाही, उपासना संपल्यावर दारातसुद्धा नाही. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर त्यांच्या हातून सगळे बरोबर झाले होते. ते बोलायला लागले आणि बिघडले.

घरगुती प्रार्थना हे आपले सगळ्यात मोठे बळ आहे आणि ती क्षुल्लक कारणांनी मोडते. गट सहा ते आठ घरांचा असावा. बारा घरे झाली की दोन गट करावेत, नाहीतर चार माणसे बोलतात आणि बाकीची भिंतीला टेकून बसतात. वेळ पंचेचाळीस मिनिटांची: एक गीत, एक स्तोत्र, वीस मिनिटे एकमेकांची विचारपूस, मग प्रार्थना. साडेआठला सुरू केली तर सव्वानऊला आमेन झालेच पाहिजे, कारण सकाळची पाळी सातला असते. नळाला पाणी येण्याच्या दिवशी ठेवू नये. दोन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ती रात्र हंडे-पिंपांची असते, आणि बाई मनाने नळापाशीच असते.

नाश्ता बंद करावा. हे आम्ही कळकळीने लिहीत आहोत. एका घरी पोहे, दुसऱ्या घरी सामोसे, तिसऱ्या घरी केक, आणि चौथे घर मग ‘या महिन्यात आमच्याकडे नको’ म्हणते. ज्या घराला प्रार्थनेची गरज सगळ्यात जास्त, तेच घर यजमान व्हायला घाबरते. पाणी आणि हवा तर चहा, याहून जास्त नाही, हा नियम पाळकांनी जाहीर करावा, म्हणजे कोणा एकाला कमीपणा येणार नाही. आणि विडीकाम करणारी भगिनी मांडीवर सूप घेऊन बसली, पाने कातरत राहिली, तर तिला हाताने ‘ठेव’ म्हणून खुणावू नका. उद्या सकाळी तिला माल द्यायचा आहे. तिचे ओठ हलत असतात, तेवढे पुरे.

व्हॉट्सॲपच्या प्रार्थना-गटांनी जेवढे भले केले तेवढेच घावही दिले आहेत. कोणाच्या आजाराचे नाव, रिपोर्टचा फोटो, कर्जाचा आकडा, मोडलेल्या सोयरिकीची बातमी: ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून टाकायची आणि संध्याकाळपर्यंत शहरभर. नियम साधा ठेवावा. ज्याचे दुःख त्याच्या परवानगीशिवाय नाव घालायचे नाही. ‘एका बहिणीसाठी प्रार्थना करा’ एवढे देवाला पुरते. फोटो कधीच नाही.

औषधांच्या बाबतीत मात्र आम्हांला स्पष्ट बोलायचे आहे. चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या, सभेनंतर गोळ्या बंद करणारी माणसे आपल्याच बाकांवर बसलेली आहेत. फिटची गोळी एकाएकी थांबवली की झटका जास्त जोराने परत येऊ शकतो. रक्तदाबाची गोळी बंद केली तरी काही दिवस काहीच वाटत नाही, म्हणून माणूस बरे झालो समजतो. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून तो सोडला तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि घरातल्या लेकरांना धोका वाढतो. याकोब ५:१४ मध्ये वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितले आहे. औषध टाका असे त्यात कुठेही नाही. तेल लावतानाच पाळकसाहेबांनी मोठ्याने म्हणावे, ‘गोळ्या चालू ठेवा, थांबवायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून.’ पाळकांच्या तोंडून आलेले हे एक वाक्य दहा डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा जास्त वजनाचे ठरते.

मनाच्या आजाराचेही तेच. एलीया संदेष्टा १ राजे १९ मध्ये रतामाच्या झाडाखाली पडून मरण मागतो. देवदूताने त्याला झापले नाही, वचनही ऐकवले नाही. भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, मग उठवून पुन्हा भाकर दिली. होरेब डोंगरावरचा देवाचा सौम्य वाणीचा आवाज त्यानंतर चाळीस दिवसांनी. जी व्यक्ती ‘मला आता जगायचे नाही’ असे म्हणते तिच्याजवळ त्या रात्री कोणीतरी बसले पाहिजे, तिला जेवू घातले पाहिजे, शेतीची कीटकनाशके आणि गोळ्यांचा साठा घरातून हलवला पाहिजे. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते; तो आकडा मंडळीच्या सूचनाफलकावर कायमचा लिहून ठेवावा. उपास-प्रार्थनेने हे निघून जाईल असे म्हणून दिवस घालवू नयेत.

मदतीच्या पैशांविषयी पंचांना. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये रोजच्या वाटपात विधवांकडे दुर्लक्ष होते अशी कुरकूर झाली, तेव्हा प्रेषितांनी ‘विश्वास ठेवा’ म्हणून ती मिटवली नाही, सात माणसे नेमली. प्रभुभोजनाच्या रविवारचे अर्पण गरजवंतांसाठी वेगळे ठेवावे. निर्णय तिघांचा, त्यात किमान एक भगिनी, आणि अर्ज आल्यापासून दोन दिवसांत, कारण किराणा आणि शाळेची फी पंचायतीच्या पुढच्या बैठकीची वाट बघत नाही. शक्य तिथे पैसे हातात न देता दुकानदाराला किंवा शाळेला परस्पर भरावेत. नोंदवहीत क्रमांक लिहावा, नाव नको. वार्षिक सभेत एकूण रक्कम वाचावी, घरे नाहीत. खजिनदाराच्या नात्यातला अर्ज असेल तर त्याने त्या वेळी बाहेर बसावे. आणि जो मोठ्याने मागतो त्यालाच मिळते, हे होऊ नये म्हणून प्रत्येक प्रार्थनागटाच्या प्रमुखाने महिन्यातून एकदा न मागणारे एक घर सुचवावे.

आपल्या लोकांना हे नवे नाही. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात पोरक्या मुली गोळा केल्या आणि आपल्याच पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगावला त्यांना आसरा दिला. तिथे प्रार्थना होती आणि त्याच आवारात विहिरी, शेत, विणकाम आणि छापखाना होता. १९२२ मध्ये प्रभूकडे जाईपर्यंत त्या पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरावर काम करत होत्या.

शेवटची मागणी यिर्मयाच्या मातीच्या भांड्याची. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, चाळीस दिवसांत प्रत्येक मंडळीने एक शनिवार कागदपत्रांसाठी ठेवावा. एका घराला एक प्लास्टिकची पिशवी: रेशनकार्ड, आधार, बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, खात्यावर वारसाची नोंद झाल्याचा कागद, आयुष्मान कार्ड, विडी कामगाराचे ओळखपत्र, घराची किंवा शेताची कागदपत्रे, बाप्तिस्मा आणि विवाहाचे दाखले. मूळ प्रती एका पिशवीत, झेरॉक्स दुसरीत, आणि दुसरी पिशवी दुसऱ्या घरी, म्हणजे पूर आला की आग लागली तरी एक उरते. वारसाची नोंद हीच सगळ्यात जास्त घरांत राहून गेलेली असते. नवरा गेल्यावर बायको स्वतःच्याच पैशासाठी महिनोन्महिने बँकेत खेटे घालते. लिहिता-वाचता येणारी तरुण संघाची सहा पोरे आणि एक झेरॉक्सचे मशीन एवढे असले तर पन्नास घरांचे काम एका दिवसात उरकते. सुरुवातीला यिर्मया ३२ ची पहिली पंधरा वचने मोठ्याने वाचावीत, मग टेबले मांडावीत.

स्तोत्र १३ आणि ८८ मोठ्या अक्षरांत छापून द्यायची, आणि कागदपत्रांच्या शनिवारी टेबलावर बसायची आमची तयारी आहे. येत्या पंचायत बैठकीत हा विषय घ्यावा, आणि कोणत्या मंडळीत कोणत्या महिन्यापासून सुरू करायचे ते कळवावे.

आपल्या सेवेतील,
सोलापुरातील संडे स्कूल शिक्षक-शिक्षिका आणि घरगुती प्रार्थनागटांचे कार्यकर्ते